नदी भरण्याआधी

श्रोतेहो, भामरागडला तीन नद्या एकमेकींना भेटतात. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा. उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं तर हा संगम फार देखणा दिसतो. पण आम्हा इकडच्या माणसांना नदीचं नाव काढलं की आधी आठवतो तो पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल. आमचं पावसाळ्याचं वेळापत्रक वर्षानुवर्षं या पुलानंच ठरवलं. पाणी पुलावर चढलं की हेमलकशाकडे, आलापल्लीकडे जाणारी वाट बंद. कधी एक दिवस, कधी चार दिवस. दुकानं पाण्यात, वीज गेलेली, फोन मुका. माणूस काठावर येऊन पाणी किती उतरलं ते बघायचा आणि परत जायचा.

म्हणून इथं पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. रस्ते तुटणाऱ्या गावांत रेशनचं धान्य आधीच पोचवून ठेवतात. दिवस भरत आलेल्या बाईला गावात न ठेवता आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरात' आणून ठेवावं, अशी सरकारचीच योजना आहे. घराघरात मीठ, तेल, सरपण भरलेलं असतं. नदी कुणाची वाट बघत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मार्च २०२० मध्ये सगळा देशच भामरागड झाला. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि एकाच वेळी सगळ्यांचे पूल पाण्याखाली गेले. फक्त त्या पुराची तयारी कुणी केलेली नव्हती. त्या पुरात जी माणसं अलीकडच्या काठावर अडकली, त्यांच्यातल्या एका प्रकारच्या माणसांबद्दल मला आज बोलायचं आहे. ज्यांना कर्करोग झाला होता आणि ज्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, त्यांच्याबद्दल.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयात मी शिरलो तो माझ्या थोरल्या भावामुळे. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. भामरागडला त्यांचं शिलाईचं छोटं दुकान. माडिया बोली ते इतकी सहज बोलायचे, की बाजाराच्या दिवशी लांबच्या गावांहून आलेली माणसं कापड दुसरीकडून घ्यायची आणि शिवायला भाईजानकडे यायची. गप्पांसाठी. मशीन चालायचं, तोंड चालायचं आणि तोंडात खर्रा चालायचा. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेलं मिश्रण. आमच्या जिल्ह्यात पाहुण्याला पाण्याआधी खर्रा पुढे करणारी घरं आहेत. भाईजानांनी तीस वर्षं खाल्ला.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या डाव्या गालात आतून एक जखम दिसली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. तिखट लागलं की झोंबायची, म्हणून वहिनींच्या लक्षात आलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. इथून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला, पण लहान होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. गालाचा तेवढा भाग काढू, मानेतल्या गाठी काढू. महिनाअखेरची तारीख देतो." आम्ही पैशांची आणि कागदपत्रांची जुळवाजुळव करायला घरी आलो. परतीच्या गाडीत भाईजान चक्क गाणं गुणगुणत होते.

मग टाळेबंदी आली. दोन दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. "सध्या येऊ नका. आम्ही कळवू."

त्या 'आम्ही कळवू'मध्ये एप्रिल गेला, मे गेला. तेव्हा रमजान होता. तोंड नीट उघडत नसल्यानं भाईजानांना रोजे धरता आले नाहीत. पण घरात सगळ्यात जास्त उपाशी तेच राहिले. रोज सकाळी ते आरशासमोर उभे राहायचे, बॅटरीच्या उजेडात गाल बघायचे आणि काही न बोलता मशीनवर जाऊन बसायचे. दुकान बंद होतं. तरी मशीनवर बसायचे.

त्या रुग्णालयाचा मला तेव्हा फार राग होता. नंतर मी वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की भीती खोटी नव्हती. ऑपरेशनसाठी पूर्ण भूल देतात, तेव्हा श्वासनळीत नळी घालावी लागते. फुप्फुसांचं काम काही तास यंत्र करतं. त्याच सुमारास माणसाच्या अंगात करोनाचा विषाणू असेल, तर आधीच थकलेल्या फुप्फुसांवर तो तुटून पडतो. मे २०२० मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या ११२८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या आगेमागे करोना झालेले हे रुग्ण. त्यांतले जवळजवळ २४ टक्के महिन्याभरात दगावले होते. चारातला एक. हा आकडा वाचल्यावर कुठल्या सर्जनचा हात थरथरणार नाही?

त्यातून तोंडाचं ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांनाही धोका. विषाणू राहतो नाकातोंडात आणि घशात, आणि ते तिथंच तासन् तास वाकून काम करणार. मास्क आणि संरक्षक पोशाख अपुरे. भूलतज्ज्ञ करोना वॉर्डात लावलेले. अतिदक्षता विभागातल्या खाटा राखून ठेवलेल्या. अशा वेळी 'थांबा' म्हणणं हाच सावधपणा वाटतो. जगभर तसंच म्हटलं गेलं. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील, असा अंदाज संशोधकांनी तेव्हा मांडला होता. त्यांत २३ लाखांहून जास्त कर्करोगाची होती.

पण हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकलणं वेगळं आणि कर्करोगाचं वेगळं. आपण थांबलो म्हणून गाठ थांबत नाही. टाळेबंदीचा हुकूम तिला लागू नसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे दोन्हीकडे धोका होता. एक डोळ्यांसमोरचा, रोज टीव्हीवर आकड्यांत दिसणारा. दुसरा गालाच्या आत, गुपचूप वाढणारा. पहिल्याला घाबरून आपण दुसऱ्याकडे पाठ केली.

सगळ्यांनी पाठ केली नाही, हे मात्र सांगायला हवं. आणि ते उदाहरण परदेशातलं नाही, परळचं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून मुंबईत उभं आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तिथं माणसं येतात, आणि जागा मिळाली नाही तर जवळच्या पदपथावर मुक्काम करतात. २०२० च्या वसंतात मुंबई हे देशातल्या साथीचं सगळ्यात मोठं केंद्र होतं. तरीही तिथल्या शल्यचिकित्सकांनी ऑपरेशन थिएटरं बंद केली नाहीत. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात त्यांनी कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या ४२३ मोठ्या, गुंतागुंतीच्या होत्या. त्याचा अहवाल त्यांनी लगेच जगासमोर ठेवला. शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. सहा जणांना नंतर करोना झाल्याचं आढळलं. ते सहाही बरे झाले.

श्रोतेहो, हा काही चमत्कार नव्हता. तेव्हा चाचण्यासुद्धा पुरेशा नव्हत्या. त्या ४९४ जणांपैकी ११७ जणांचीच करोनाची चाचणी शस्त्रक्रियेआधी झाली होती. रुग्णही बरेचसे तरुण किंवा मध्यमवयीन आणि एरवी धडधाकट होते, ही गोष्ट अहवाल लपवत नाही. मोठी गोष्ट ही, की त्यांनी सरसकट 'थांबा' म्हटलं नाही. कुणाला थांबवलं तर चालेल आणि कुणाला थांबवलं तर तो हातचा जाईल, याचा विचार एकेका रुग्णासाठी केला.

पुढच्या महिन्यांत हे शहाणपण जगभर पक्कं होत गेलं. ५५ देशांतल्या ४४७ रुग्णालयांमधल्या ९१७१ कर्करोग रुग्णांची पाहणी झाली. जिथं ऑपरेशनची जागा, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड हे तिन्ही करोनाच्या रुग्णांपासून वेगळे ठेवले होते, तिथं ऑपरेशननंतर फुप्फुसांचा त्रास झाला २.२ टक्के लोकांना. जिथं सरमिसळ होती, तिथं ४.९ टक्के लोकांना. म्हणजे निम्म्याहूनही जास्त धोका वेगळ्या वाटेनं टळत होता. काय लागलं त्यासाठी? वेगळं दार, वेगळा जिना, वेगळी खाट, वेगळी माणसं. ऑपरेशनच्या आधी एक-दोन दिवसांत स्वॅब. नळी घालताना खोलीत मोजकीच माणसं. रुग्णासोबत एकच नातेवाईक. ज्याला करोना होऊन गेला आहे, त्याचं ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर सात आठवडे थांबवायचं, कारण त्याआधी केलं तर धोका वाढतो, हेही मार्च २०२१ पर्यंत स्पष्ट झालं. यात एकही गोष्ट अशी नाही, की जी जिल्ह्याच्या ठिकाणी करता येणार नाही. पैशापेक्षा शिस्त जास्त लागते, आणि कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

आता या चित्राची दुसरी बाजू. परळचं दार उघडं होतं, पण त्या दारापर्यंत पोचायचं कुणी? देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत तिथं १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या, त्या ८,६७७ वर आल्या. उरलेल्या साठ हजार माणसांचा कर्करोग काही बरा झाला नव्हता. ती आपापल्या नदीकाठी पाणी उतरायची वाट बघत बसली होती. त्या साठ हजारांच्या आकड्याला माझ्यासाठी एक चेहरा आहे. आरशासमोर बॅटरी धरून उभा असलेला.

गडचिरोली जिल्ह्यात मे महिन्याच्या मध्यापर्यंत करोनाचा एकही रुग्ण नव्हता. आमचा जिल्हा हिरवा होता. त्याचा आम्हाला अभिमानही वाटत होता. पण त्या हिरव्या जिल्ह्यातून नागपूरच्या लाल भागात जायचं कसं? एसटी बंद. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास. आमचे नातेवाईक राहतात मोमिनपुऱ्यात, आणि तेव्हा मोमिनपुरा सील केलेला. ज्या घरी दर वेळी उतरायचो, त्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले. पुतण्यानं ऑनलाइन पाससाठी अर्ज केले. इथलं नेटवर्क एकदा येतं, दोनदा जातं. एक अर्ज कारण अपुरं म्हणून परत आला. रोगाचा कागद जोडला होता. फोटो पुसट आला होता, एवढंच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बोलावणं आलं. या वेळी सगळं वेगळं होतं. फाटकावरच ताप बघितला. आधी भाईजानांचा स्वॅब, मग माझा. दोघांचे निकाल येईपर्यंत दोघांनीही एका खोलीत राहायचं, कुठं फिरायचं नाही. वॉर्डात एक खाट सोडून एक खाट रिकामी. मार्च ते जून या काळात ते रुग्णालयही शिकलं होतं. फुले जन आरोग्य योजना त्या मे महिन्यात राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली होती. ऑपरेशनचा खर्च तिच्यातून निघाला. पैशाची भीती होती, ती टळली.

जे टळलं नाही ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मार्चमध्ये गालाचा तुकडा काढून भागलं असतं. आता रोग जबड्याच्या हाडाला लागला होता. डावा जबडा काढावा लागणार होता. छातीवरचा स्नायू आणि कातडी वर वळवून गाल नव्यानं तयार करायचा. जिभेच्या हालचालीवर परिणाम होणार. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांमुळे?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन महिन्यांमुळे आणि तीस वर्षांच्या खर्ऱ्यामुळे. पण हो, तीन महिन्यांमुळेही." या सरळ उत्तराबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

ऑपरेशन सात तास चाललं. भाईजान वाचले. त्यांना करोना झाला नाही. नंतर किरणोपचारही झाले. रुग्णालयाच्या कागदावर ही सुरक्षित शस्त्रक्रियाच आहे, आणि ती खरोखर सुरक्षित झाली. पण माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे. सुरक्षित म्हणजे कुठून मोजायचं? थिएटरच्या दारापासून की भामरागडच्या घरापासून? थिएटरमध्ये विषाणू शिरू दिला नाही, हे निम्मं काम. रोग वाढायच्या आत माणूस तिथं पोचला, हे उरलेलं निम्मं.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली बसून माडियांना तपासायला सुरुवात केली. आज तिथं चांगलं रुग्णालय आहे, भामरागडला सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. पण कर्करोगावरचा पूर्ण उपचार या तालुक्यात नाही आणि एवढ्या लहान वस्तीत तो असणंही कठीण. २०२२ साली खुद्द प्रकाशभाऊंना रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं, तेव्हा त्यांनाही उपचारासाठी पुण्यात राहावं लागलं. ते बरे होऊन परतले, याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. पण त्यातून कळतं एवढंच, की या रोगासाठी इथल्या प्रत्येकाला नदी ओलांडावीच लागते. मग तो कुणीही असो.

आणि म्हणूनच मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आमच्याच पावसाळ्यात आहे. दिवस भरत आलेल्या बाईची यादी आशाताईंकडे असते. पाणी चढण्याआधी तिला हलवायचं, हे ठरलेलं असतं. तशीच यादी कर्करोगाच्या रुग्णांची का नसावी? तालुक्यात असे रुग्ण असून असून किती असणार? कुणाचं निदान झालंय, कुणाच्या ऑपरेशनची तारीख कधी आहे, कुणाचे किरणोपचार अर्धे राहिलेत, हे एका वहीत मावेल. साथ येवो, पूर येवो, टाळेबंदी येवो, त्या वहीतल्या माणसांना आधी पलीकडे पोचवायचं. त्यांना पाससाठी अर्ज करायला लावायचं नाही, पास घेऊन त्यांच्या दारात जायचं. शहरात त्यांच्यासाठी आणि सोबतच्या एका माणसासाठी राहायची जागा आधीच ठरवून ठेवायची, म्हणजे नातेवाइकांच्या गल्लीवर बांबू लागले तरी अडायला नको. शहरातल्या रुग्णालयांनी वेगळं दार ठेवायचं आणि आम्ही त्या दारापर्यंत वाट ठेवायची. पुढची साथ कधी येईल ते मला माहीत नाही. पण पर्लकोटेचं पाणी कधी वाढतं ते आम्हाला माहीत आहे, आणि तरीही आम्ही मे महिन्यातच धान्य भरतो.

जाता जाता एक विनंती. खर्रा, तंबाखू, सुपारी खात असाल तर सोडा. सोडणं सोपं नाही, हे मला घरातून ठाऊक आहे. पण निदान दर महिन्याला एकदा आरशासमोर उभे राहा. आपली मधली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. तोंड तेवढं उघडत नसेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती दुखतच नाही.

भाईजानांचं दुकान आता पुन्हा चालू आहे. त्यांचं बोलणं अस्पष्ट झालंय. फोनवर तर मला अर्धं कळत नाही. पण बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन बसलं, की एक गंमत दिसते. त्यांची माडिया गिऱ्हाइकं त्यांचं बोलणं माझ्याआधी समजतात. एखादा शब्द अडला, तर समोरचा म्हातारा तो त्यांच्या वतीनं पुरा करतो आणि दोघं हसतात. खर्रा पुढे आला की भाईजान बोलत नाहीत. फक्त चेहऱ्याची डावी बाजू पुढे करतात. परवा एका तरुण पोरानं ती बघितली आणि पुडी खिशात परत टाकली. फेकली नाही, हेही सांगतो. पण खिशात परत टाकली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)